ओसाड इस्पितळ आणि पाहणाऱ्याचे ऋण



बहुतेक गावांच्या शिवेजवळ एखादा पडका वाडा असतोच. त्याच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला असतो, माळवद खचलेले असते, आणि वडील माणसे मुलांना तिकडे न जाण्याविषयी बजावीत असतात. तरी मुले जातातच. तेथे काय आहे असे विचारले तर 'काही नाही' म्हणून सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. ओसाड वास्तूविषयीची ही ओढ लहानपणीच लागते, आणि पुष्कळांची ती जन्मभर सुटत नाही.

अलीकडे ह्या ओढीने एक नवे रूप घेतले आहे. मोकळे पडलेले कारखाने, तुरुंग, शाळा आणि विशेषेकरून इस्पितळे शोधून काढावयाची, त्यांत शिरावयाचे व तेथील छायाचित्रे घ्यावयाची, असा छंद असलेले लोक अनेक देशांत आढळतात. गंजलेल्या खाटा, पोपडे सुटलेल्या भिंती, खिडकीतून आत शिरलेल्या वेली, अशी ती चित्रे असतात. लोक ती आवडीने पाहतात, आणि खरे सांगावयाचे तर ती सुंदरही असतात. परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो, व त्याचाच विचार ह्या लेखात करावयाचा आहे. जेथे माणसे कण्हली, रडली व मेली, त्या ठिकाणची मोडतोड सुंदर म्हणून पाहणे योग्य आहे काय? की ते परक्याच्या दुःखावर आपल्या डोळ्यांची भूक भागविणे आहे?

असल्या प्रश्नाचा निर्णय नुसत्या तर्काने केला तर तो हवेत राहतो. म्हणून एका खऱ्या इस्पितळाची हकीकत आपण समोर घेऊ.

अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या बंदरात एलिस नावाचे एक लहानसे बेट आहे. सन १८९२ पासून १९५४ पर्यंत, त्या देशात वस्ती करण्यास आगबोटीने येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी तेथे होत असे. त्या अवधीत सुमारे १ कोटी २० लक्ष माणसे ह्या बेटावरून गेली. वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरकत असे. खालच्या वर्गातील गरिबांस मात्र बेटावर उतरावे लागे. आपली गाठोडी सावरीत ते जिना चढून वरच्या मोठ्या दालनात जात, आणि सरकारी डॉक्टर त्यांजकडे बघत उभे असत. कोणास धाप लागते, कोण लंगडतो, कोण गोंधळल्यासारखा दिसतो, हे ते न्याहाळीत. खुपऱ्या आहेत की काय हे पाहण्यासाठी ते पापण्या उलटून बघत, व त्याकरिता बुटाची बटणे लावण्याच्या आकड्याचाही उपयोग करीत. ज्याविषयी शंका येई त्याच्या कोटावर ते खडूने एक अक्षर काढीत. डोळ्यांसाठी एक, हृदयासाठी दुसरे, लंगडेपणासाठी तिसरे, आणि बुद्धीविषयी संशय असल्यास आणखी एक. १७ एप्रिल १९०७ ह्या एकाच दिवशी ११ हजारांहून अधिक माणसे त्या बेटावरून गेली. अशा गर्दीत एकेकाच्या वाट्यास डॉक्टरची नजर काही क्षणच येत असणार हे उघड आहे. कित्येकांनी खडूची खूण झालेला कोट उलटा करून अंगात घातला व ते तसेच पुढे सरकले, असे सांगतात.

खूण झालेल्यांची पुन्हा नीट तपासणी होई, आणि जे खरोखर आजारी असत त्यांस बेटावरच्याच इस्पितळात ठेवीत. हे इस्पितळ सन १९०२ मध्ये उघडले. पुढे समुद्रात भर घालून नवी जमीन तयार केली, आणि सन १९११ मध्ये तिजवर सांसर्गिक रोगांसाठी दुसरे इस्पितळ सुरू झाले. त्याची बांधणी मोठ्या विचाराने केलेली होती. मध्ये एक लांब बंदिस्त वाट, आणि तिच्या दोहों बाजूंस रोग्यांच्या ओवऱ्या. पण एका ओवरीची हवा दुसरीत जाऊ नये म्हणून त्या समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवलेल्या होत्या. धूळ साचू नये म्हणून खोल्यांचे कोपरे गोल केलेले, आणि वारा खेळावा म्हणून खिडक्या मोठमोठ्या. गाद्या वाफेने निर्जंतुक करण्याचे एक प्रचंड यंत्रही तेथे होते. शवागारात तर शवाची चिकित्सा डॉक्टरांस नीट पाहता यावी म्हणून पायऱ्यापायऱ्यांची बैठक केलेली होती. रोग्यांच्या शुश्रूषेचा खर्च बहुतकरून आगबोटीच्या कंपन्यांकडून वसूल केला जाई.

येथे दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्या काळी इतक्या गरीब लोकांसाठी इतके चांगले इस्पितळ असणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. तेथे पुष्कळ लोक बरे झाले व नव्या देशात गेले. एकंदर आलेल्यांपैकी शेकडा सुमारे २ लोकांनाच परत पाठविण्यात आले. परंतु कोटीच्या संख्येत शेकडा २ म्हणजे लक्षावधी घरांचे रडणे होय. गोवर निघालेले लेकरू आईच्या कडेवरून काढून पलीकडच्या इमारतीत नेत, तेव्हा त्या परक्या भाषेच्या देशात त्या माउलीस काय वाटत असेल! बेटावर ३,५०० हून अधिक माणसे मरण पावली, आणि ३५० हून अधिक बालके जन्मास आली. जी मेली ती दारापर्यंत येऊन उंबरठा न ओलांडताच गेली.

पुढे सन १९२४ च्या कायद्याने परदेशी लोकांचे येणे फार कमी झाले व इस्पितळाची गरज घटली. सन १९५१ मध्ये इस्पितळ बंद झाले, आणि सन १९५४ च्या नोव्हेंबरात सबंध बेटच बंद करण्यात आले. मग ऊन, पाऊस व बर्फ ह्यांचे राज्य सुरू झाले. छपरे गळू लागली, फरशीवर पाने कुजून त्यांची माती झाली, त्या मातीत झाडे उगवली. आणि रोग्यास वारा मिळावा म्हणून ठेवलेल्या मोठ्या खिडक्यांतून वेली आत आल्या. सन १९९० मध्ये बेटावरील मुख्य इमारत दुरुस्त करून तेथे संग्रहालय उघडण्यात आले. लोक तेथे जाऊन आपल्या आजोबा-पणजोबांची नावे शोधू लागले. परंतु मधल्या चिंचोळ्या पाण्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर असलेले इस्पितळ तसेच झाडीत बुडालेले राहिले. ज्या दालनातून लोक आत आले ते राष्ट्राने आठवणीत ठेवले. ज्या खाटेवर ते अडले तिचा विसर पडला. मनुष्याचीही रीत हीच आहे. घरातील लग्नाची आठवण आपण भिंतीवर लावतो, आणि आजारपणाची अंधाऱ्या खोलीत ठेवतो.

सन १९९८ मध्ये स्टीफन विल्क्स नामक एका अमेरिकन छायाचित्रकारास ह्या इस्पितळाची चित्रे घेण्याचे काम मिळाले. काम थोड्या वेळाचे होते. पण आत गेल्यावर त्याचे मन तेथे गुंतले, आणि पुढे पाच वर्षे तो पुन्हा पुन्हा तेथे जात राहिला. बाहेरचे दिवे न आणता, खिडकीतून येईल त्याच उजेडावर त्याने चित्रे घेतली. त्यांचे पुस्तक सन २००६ मध्ये निघाले. त्यांपैकी क्षयरोग्यांच्या खोलीचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. भिंतीशी हात धुण्याचे बेसिन आहे, वर आरसा आहे, आणि त्या आरशात बंदरातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे लहानसे प्रतिबिंब पडले आहे. ज्या क्षयी मनुष्यास त्या खोलीबाहेर जाण्याची परवानगी नव्हती, त्यास सकाळी तोंड धुताना आपल्या चेहऱ्याशेजारी तो पुतळा दिसत असेल. हजारो कोसांचा प्रवास करून तो ज्या स्वातंत्र्यासाठी आला, ते त्यास तेवढ्याच आकाराचे मिळाले. कित्येकांस तेवढेच अखेरचे ठरले असेल.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू.

कोणी म्हणेल की, हे सर्व व्यर्थ आहे. मेलेल्या क्षयरोग्यास चित्राचा काय उपयोग? पोपड्यांचे रंग सुंदर दिसले म्हणून त्याचा खोकला कमी झाला काय? ह्या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे, व तो झटकून टाकता कामा नये. पडक्या जागेच्या चित्रात बहुधा माणूस नसतो, आणि माणूस नसला म्हणजे दुःख गोड वाटू लागते. खाट दिसते, पण तिजवरचा घाम दिसत नाही. बोळ दिसतो, पण त्यातील वास येत नाही. पाहणारा सुस्कारा टाकतो व आपण फार कोमल मनाचे आहो अशी स्वतःची समजूत करून घेतो. हा मोह सूक्ष्म आहे. त्याहून वाईट असे की, कित्येक लोक कुलूप तोडून आत शिरतात, आठवण म्हणून वस्तू उचलून नेतात, अथवा चित्र अधिक करुण दिसावे म्हणून एखादी बाहुली किंवा खुर्ची मुद्दाम आणून मांडतात. कोठे जुने कागद पडलेले असतात. त्यांवरील रोग्यांची नावे व रोग चित्रातून चव्हाट्यावर येतात. ह्यास पाहणे म्हणावयाचे नाही. ही चोरी आहे, किंवा खोटी साक्ष आहे.

परंतु वाईट रीतीने पाहणारे आहेत म्हणून पाहूच नये, असे ठरत नाही. त्या बेटावर पाहण्याचे काम पूर्वीही चालत होतेच. डॉक्टर पाहत होते. त्यांची नजर दुष्ट होती असे मी म्हणणार नाही, कारण बंदराच्या आत एक मोठे शहर होते, आणि साथीपासून त्याचे रक्षण करणे त्यांचे कर्तव्य होते. तरी क्षणभर पाहून खडूने एक अक्षर काढणे ह्यात एक भय आहे. ते अक्षर पाहिल्यावर पुढच्या मनुष्यास तोंडाकडे पाहण्याची गरज वाटेनाशी होते. त्याच बेटावर सन १९०७ ते १९१० ह्या काळात फिओरेलो ला गार्डिया नावाचा एक तरुण दुभाष्याचे काम करीत होता. तोच पुढे न्यू यॉर्क शहराचा मेयर झाला. त्याने आपल्या आत्मचरित्रात असे लिहून ठेवले आहे की, रोज दिसणारी निराशा व मनाची तळमळ पाहूनही तीन वर्षांत आपले अंतःकरण तिला सरावले नाही. तो व डॉक्टर एकाच रांगेत उभ्या असलेल्या त्याच लोकांकडे पाहत होते. पण दुभाष्यास त्यांची भाषा येत होती. ज्याचे बोलणे आपण ऐकले त्याच्याकडे आपण नुसत्या खुणेवरून पाहू शकत नाही.

ह्यावरून मला असे वाटते की, पाहणे चांगले की वाईट हे डोळ्यांवरून ठरत नाही. पाहिल्यानंतर जे घडते त्यावरून ते ठरते. वाटेत जखमी होऊन पडलेल्या मनुष्याचा दाखला आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या दाखल्यात याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले व शोमरोन्यानेही पाहिले. तिघांचेही डोळे सारखेच चांगले होते. पहिल्या दोघांचे पाहणे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस जाऊन संपले. तिसऱ्याचे पाहणे तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर व उतारशाळेचा खर्च येथपर्यंत पोहोचले. पाहिल्याबरोबर मनुष्य ऋणी होतो. ते ऋण कोणी फेडतो, कोणी बुडवितो.

आता त्या छायाचित्रकाराचे पाहणे कोठे पोहोचले ते पाहा. इस्पितळाचा दक्षिणेकडील सर्व भाग ढासळत चालला होता. त्याची चित्रे लोकांपुढे व सरकारपुढे ठेवण्यात आली, आणि इमारती सावरण्यासाठी ६० लक्ष डॉलर मिळविण्याच्या कामी ती उपयोगी पडली. मग कामकरी आले. झाडे व वेली तोडण्यात आल्या, छपरे दुरुस्त झाली, फुटक्या खिडक्या हवा खेळेल अशा बेताने बंद करण्यात आल्या. इमारती नव्या केल्या नाहीत; आहेत तशाच, अधिक न पडतील अशा स्थितीत त्या राखून ठेवल्या.

वाचकहो, ह्या गोष्टीत एक अर्थ आहे, तो लक्षात घ्या. ज्या वेलींनी त्या चित्रांस सौंदर्य आणले, त्याच वेली त्या चित्रांमुळे तोडल्या गेल्या. आज कोणी तेथे गेला तर ते चित्र त्यास पुन्हा घेता येणार नाही. त्या मनुष्याच्या पाहण्याने आपलाच विषय नाहीसा केला, आणि माझ्या मते त्याच्या पाहण्याच्या खरेपणाची ह्याहून मोठी साक्ष नाही. ज्यास केवळ चित्र हवे असते तो मनातल्या मनात म्हणतो, 'ही भिंत अशीच ढासळत राहो.' ज्यास त्या जागेविषयी कळकळ आहे तो म्हणतो, 'हे चित्र पुन्हा कोणास घेता न येवो.'

पुढे सन २०१४ मध्ये त्या ओसाड ओवऱ्यांत लोकांस वाटाड्याबरोबर, डोक्यावर संरक्षक टोपी घालून, जाता येऊ लागले. त्याच वर्षी जे. आर. ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका फ्रेंच कलावंताने, त्या बेटावर पूर्वी आलेल्या माणसांची जुनी छायाचित्रे मोठी करून इस्पितळाच्या भिंतींवर व खिडक्यांवर चिकटविली. ज्या चित्रांत केवळ खाटा व पोपडे होते, त्या जागी आता तोंडे परत आली. बेटावरील ऑगस्टस शर्मन नावाच्या एका कारकुनाने आपल्या नोकरीच्या काळात तेथे थांबलेल्या पुष्कळ लोकांची छायाचित्रे घेऊन ठेवली होती, हेही येथे सांगण्यासारखे आहे. त्या काळी कोणी तोंडाकडे पाहिले, म्हणूनच आज आपणांस ती पाहता येतात.

आता हे सर्व दूरदेशीचे आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. आज छायाचित्र घेण्याचे साधन खेड्यातील प्रत्येक घरात, किंबहुना प्रत्येक खिशात आहे. रस्त्यावर मोटारसायकलीचा अपघात झाला की उचलण्यास दोन हात येतात व चित्र घेण्यास दहा. आणि आम्ही सेवकही ह्या दोषापासून मुक्त नाही. माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वाडीत अंथरुणास खिळलेल्या एका वृद्ध भगिनीच्या भेटीस मी गेलो होतो. प्रार्थना झाल्यावर, वार्षिक वृत्तांतास उपयोगी पडेल म्हणून, मी तिचे छायाचित्र घेतले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि विचारले, "पाळकसाहेब, आता पुन्हा कधी येणार?" मी म्हणालो, "पुढल्या महिन्यात." वृत्तांत छापून निघाला. ते चित्र पुष्कळांस आवडले व त्यावरून वर्गणीही आली. मी मात्र त्या वाडीत पुन्हा गेलो तो तिच्या मातीस. मी तिला पाहिले होते खरे, पण त्या बेटावरील खडूच्या अक्षरासारखे; तिच्या नावापुढे 'आजारी' अशी खूण करून मी पुढे गेलो होतो.

म्हणून, दुःखाची जागा असो की दुःखी मनुष्य असो, त्याचे चित्र घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपणांस तीन प्रश्न विचारावेत असे मला सुचते.

पहिला प्रश्न: मला येथे येण्याची मोकळीक कोणी दिली आहे काय? जागा असेल तर तिच्या मालकाने, माणूस असेल तर त्याने स्वतः. आणि जे आहे ते तसेच दाखविण्याची माझी तयारी आहे काय?

दुसरा प्रश्न: मी येथे किती वेळ थांबणार आहे? थांबल्यावाचून कोणाची भाषा कळत नाही, आणि भाषा कळल्यावाचून तोंड दिसत नाही. पाच वर्षे थांबणे सर्वांस साधणार नाही. पण एक वेळ बसून विचारपूस करणे कोणास अशक्य आहे?

तिसरा प्रश्न: हे चित्र पुन्हा घेता येऊ नये म्हणून मी काय करणार आहे? छप्पर गळत असेल तर कौले कोण घालणार? आजारी मनुष्य एकटा असेल तर पुढच्या महिन्यात त्याजकडे कोण जाणार?

पहिल्या प्रश्नाने आपण चोरीपासून वाचतो, दुसऱ्याने उथळपणापासून, आणि तिसऱ्याने त्या गोड सुस्काऱ्यापासून, जो अंतःकरणास समाधान देतो व हातांस झोपवितो. तिन्हींचे उत्तर देता येत असेल तर खुशाल पाहावे, आणि सुंदर दिसले तर सुंदर म्हणावे. सौंदर्य हे पाप नाही. पुष्कळदा तेच आपणांस थांबवून धरते, एरवी आपण पुढे निघून गेलो असतो.

सरतेशेवटी एक विनंती. तुमच्याही भागात एखादा बंद पडलेला दवाखाना असेल. दारास गंजलेले कुलूप, आवारात बाभळी व घाणेरी माजलेली. तेथे जावयाचे झाले तर आधी गावातील सर्वांत वृद्ध माणसाकडे जा. तेथे कोण डॉक्टर होते, कोणती नर्सबाई रात्रीबेरात्री कंदील घेऊन उठत असे, कोण तेथे जन्मले व कोण तेथून परत आले नाही, हे त्यास विचारा. जे तो सांगेल ते वहीत लिहून ठेवा, नावांसहित. मग हवे तर त्या दाराचे चित्र घ्या. आणि घरी परतताना वाटेत ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याच्या अंगणात क्षणभर थांबून आत हाक द्या.